‘नीड्स रिवाइंडिंग’ चूक कसं? पोरीचा अर्धा मार्क गेला

गिरणाकाठ:
मुलगी दहावीला. चाचणीत तिनं लिहिलं, ‘द मोटर नीड्स रिवाइंडिंग.’ सरांनी लाल पेनानं गोल केला, वर ‘टू बी रिवाउंड’ लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. आमची विहिरीवरची मोटर गेल्याच आठवड्यात जळाली, तिथूनच तिला वाक्य सुचलं. माझं म्हणणं, दोन्ही बरोबर. नीड, रिक्वायरपुढे आयएनजी आलं की अर्थ आपोआप कर्मणी होतो. आपणही ‘भांडी घासायची आहेत’ म्हणतोच की. भांडी कुणाला घासतात का?

खडू-डस्टर:
दादा, मीही इंग्रजीच शिकवतो, चोपड्याकडे. वाक्य बरोबर आहे, मार्क कापायला नको होता. पण दोन्ही रूपं एकदम शिकवली की पोरं खिचडी करतात, ‘नीड्स टू बी रिवाइंडिंग’. काही जण त्याहून पुढे, ‘आय नीड रिवाइंडिंग द मोटर’. काम माणूस स्वतः करणार असेल तर ‘आय नीड टू रिवाइंड’च हवं. म्हणून मी आधी ‘टू बी’च पक्कं करून घेतो.

भुसावळकर:
सर, हे पटलं नाही. घोटाळा आयएनजीमुळे नाही, ‘टू’ घोकून होतो. मराठीत ‘पोहायला आवडतं’ चालतं, ‘पोहणं आवडतं’ही चालतं. मग पोरं बिनधास्त ‘आय एन्जॉय टू स्विम’ लिहितात. एन्जॉय, अवॉइड, फिनिश यांना ‘टू’ चालतच नाही. क्रियापदागणिक सवय लावा, एकच साचा कशाला? (अमेरिकेत पिट्सबर्गकडे तर सर्रास ‘नीड्स वॉश्ड’ म्हणतात. त्यांचे मार्क कोण कापणार?)

खडू-डस्टर:
पिट्सबर्गचे पेपर माझ्याकडे तपासायला येत नाहीत, भाऊ. शंका वेगळीच आहे. आपल्याकडे प्रत्येक वाइंडरच्या पाटीवर ‘मोटर रिवाइंडिंग’ असतं. पोरीनं रचना समजून लिहिली की पाटीवरचा शब्द उचलला? दादा, तिला ‘द बॉय नीड्स वॉशिंग’चा अर्थ विचारा. ‘पोराला धुणं धुवायचंय’ म्हणाली तर लाल पेन बरोबर.

गिरणाकाठ:
विचारलं. धाकटा नुकताच शेतातून चिखलात लोळून आला होता. त्याच्याकडे बघत म्हणाली, ‘याला आंघोळ घालायला पाहिजे.’ द्या मंग अर्धा मार्क.