मदत हवी आहे : घाटात गाडी अडली तर थांबायचं कधी आणि पुढे जायचं कधी?

नमस्कार. आमच्या घरची गाडी आता मीच चालवते. नवरा नोकरीसाठी परराज्यात असतो. घरी सासू-सासरे आणि आठवीतली मुलगी. आम्ही साताऱ्याला राहतो आणि गाव गुहागर तालुक्यात, त्यामुळे उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता वर्षभर चालू असतो. गाडी पेट्रोल हॅचबॅक, साधा गिअर, सात वर्षांची.

चालवायची भीती नाही, घाटातसुद्धा नाही. काळजी वाटते ती गाडी मध्येच अडली तर काय, याची. सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे, सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही, आणि घाटात बऱ्याच वळणांवर मोबाइलला रेंज नसते.

गेल्या पावसाळ्यात घाट चढताना मागचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, काय करायचं तेही माहीत होतं. पण चाकाचे नट जागचे हललेच नाहीत. काही दिवसांपूर्वी एका टायरच्या दुकानात चाकं काढली होती आणि तिथे नट मशीनने आवळले होते. शेवटी एक ट्रकवाले दादा थांबले, पान्यावर पाय देऊन त्यांनी नट सोडवले आणि चाकही बदलून दिलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण दर वेळी असं कोणी येईलच, या भरवशावर दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघणं मला पटत नाही.

दुसरं म्हणजे डॅशबोर्डवरचे दिवे. मध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता. सर्व्हिसिंगला विचारलं तर "काही नाही मॅडम, चालते गाडी" एवढंच उत्तर मिळालं. दिवा घालवून दिला, पण तो कशामुळे लागला होता हे कोणी सांगितलं नाही. मला गाडी दुरुस्त करायला शिकायचं नाहीये. कोणत्या बिघाडात जागच्या जागी थांबायचं आणि कोणत्या बिघाडात हळूहळू पुढच्या गावापर्यंत जाता येतं, एवढं नीट कळलं पाहिजे. कुंभार्लीत हा फरक फार मोठा आहे. खाली पोफळी-शिरगाव, वर हेळवाक-कोयनानगर, मध्ये नुसता घाट.

यूट्यूबवर व्हिडिओ बघितले. त्यात गाडी सिमेंटच्या सपाट अंगणात उभी असते आणि ऊन पडलेलं असतं. आमच्याकडे उतार असतो, कडेला लाल चिखल असतो, धुकं असतं आणि मागून ट्रक येत असतात. अशा जागी चाक बदलायचं की नाही? घरच्यांना गाडीत बसवायचं की बाहेर काढायचं? इंजिन तापलं तर पाणी कधी घालायचं? आणि निघायच्या आधी घरी काय काय तपासायचं?

विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतलेली आहे. 112, 108 आणि राष्ट्रीय महामार्गाचा 1033 हे नंबर कागदावर लिहून गाडीत चिकटवलेत. टायरची हवा आणि कूलंट मी स्वतः बघते. याच्या पुढचं सांगा. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

आगारातला माणूस :

ताई, मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. नटांचं आधी सांगतो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. त्यात ताकदीचा प्रश्न कमी आणि दांड्याच्या लांबीचा जास्त.

लहान गाडीचा नट साधारण 100 न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेला असतो. म्हणजे एक मीटर लांब दांडा असेल तर टोकाला दहा किलोचा भार पुरतो. गाडीबरोबर मिळणारा पाना जेमतेम पाव मीटरचा असतो, त्यावर चाळीस किलो लागतात. मशीनने जास्त आवळला असेल तर त्याच्याही वर. तेव्हा लांब होणारा पाना घ्या, नाहीतर आहे त्या पान्यावर चपखल बसेल असा हातभर लोखंडी पाइप डिकीत ठेवा. पाना नटावर पूर्ण आत बसवायचा, दांडा डाव्या हाताला आडवा येईल असा धरायचा आणि वरून पायाने दाबायचा. नट सुटतो. हे सगळं चाक जमिनीवर असताना करायचं. नट थोडे ढिले झाले की मगच जॅक लावायचा. गाडी जॅकवर असताना जोर लावला तर गाडी घसरते. नवं चाक बसवताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा बघायचे.

यापुढे टायरच्या दुकानात चाक काढलं की शेवटचं आवळणं हाताने करायला सांगा आणि समोर उभ्या राहा. घरी आल्यावर एकेक नट सोडवून परत आवळून बघा. जो तुम्हाला दारात सुटत नाही तो घाटात सुटणार नाही.

आता जागेचं. उतारावर, वळणावर किंवा चिखलात जॅक लावायचा नाही. हवा गेलेल्या चाकावरच पंधरा-वीसच्या वेगाने सपाट, रुंद जागेपर्यंत जा. टायर फाटेल, कदाचित रिमही वाकेल. वाकू द्या. डिकीत एक जाड फळीचा तुकडा ठेवा, मऊ जमिनीत जॅकखाली घालायला. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि जे चाक काढताय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड. काम झालं की तो दगड उचलून बाजूला टाका. रात्री मागून येणारा मोटारसायकलवाला अशाच दगडांवर पडतो.

खरं तर तुमच्यासारख्यांना चाक बदलायची वेळ कमीच यावी. टायर ट्यूबलेस असेल तर खिळा रुतल्यावर हवा हळूहळू जाते. खिळा उपटायचा नाही. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप घ्या. हवा भरा, काही किलोमीटर जा, पुन्हा भरा, असं करत पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. टायर बाजूने चिरला असेल तर मात्र पंपाचा उपयोग नाही, तिथे स्टेपनीच. म्हणून स्टेपनीची हवाही बघत जा, ती सगळे विसरतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात : 2318 असेल तर 2018 सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांच्या गाडीत मूळ स्टेपनीचं रबर न वापरताच म्हातारं झालेलं असतं. आणि स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक 80. ती पाळा.

दिव्यांचा सोपा नियम : लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे जपून गॅरेज गाठा. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर लगेच कडेला घेऊन इंजिन बंद. तेलाचा दाब नसेल तर काही मिनिटांत इंजिन जाम होतं. तिथे "पुढच्या गावापर्यंत" हा विचारच करायचा नाही. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला तर तेच, घाटात तर नक्कीच. बॅटरीचा लाल दिवा याला थोडा अपवाद आहे. त्याचा अर्थ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी चार्ज करत नाही. इंजिन बंद न करता, एसी बंद करून दिवसाउजेडी काही अंतर जाता येतं. पण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर असतात. पट्टा तुटला असेल तर तापमानही चढायला लागेल आणि स्टिअरिंगही जड होऊ शकतं. तसं दिसलं की थांबा.

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू जाता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिस होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, अॅक्सिलरेटर सोडा आणि शक्य तितक्या लवकर थांबा. आणि गॅरेजमध्ये दिवा पुसण्याआधी स्कॅनरवर आलेला कोड लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. तुम्हाला दिलेलं उत्तर मला अजिबात आवडलं नाही.

वाशिष्ठीकाठ :

मी चिपळूणचा. तापमानाबद्दल लिहितो, कारण पोफळीकडून वर चढताना कडेला वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या उन्हाळ्यात नेहमी दिसतात.

काटा वर सरकायला लागला की आधी एसी बंद आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. आत घाम फुटेल, पण इंजिनाची तेवढी उष्णता बाहेर पडते. काटा उतरला नाही तर जागा बघून थांबा. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण लगेच उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते तोंडावर उडतं. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, वरची रबरी नळी हाताला दाबता आली की जाड फडक्याने झाकण हळू फिरवा. नुसतं पाणी घातलं तरी गाव गाठता येतं, नंतर कूलंट बदलून घ्यायचं. पाच लिटर पाणी गाडीत असू द्या, प्यायचं वेगळं. काही गाड्यांत काटा नसतो, फक्त निळा-लाल दिवा असतो. तिथे लाल दिवा म्हणजे आधीच उशीर झालाय असं समजा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेक सारखा दाबून जळका वास आला आणि पेडल मऊ लागलं तर थांबून थंड होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग तापल्यावर उकळतं. दर दोन वर्षांनी बदला. सात वर्षांत किती वेळा बदललं ते सर्व्हिस बुकात बघून घ्या.

आणि पावसाळ्यात आमच्या गावात पाणी भरलेलं दिसलं तर गाडी घालूच नका. 22 जुलै 2021 च्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते आम्ही पाहिलंय. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर इंजिनाच्या आतला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का बघा.

धागाकर्ती :

दोघांचे मनापासून आभार. काका, पाइपचं गणित वाचून खूप धीर आला. पंप उद्याच घेते. इंजिनाचं संरक्षण पॉलिसीत नाही, नूतनीकरणाच्या वेळी घेईन.

बाकी राहिलं ते माणसांचं. सासू-सासऱ्यांना पावसात बाहेर उभं करायचं का? आणि अनोळखी माणूस मदतीला थांबला तर कसं ओळखायचं?

रात्रपाळी :

मी नर्स आहे, रात्रीचा प्रवास नेहमीचा. गाडी रस्त्याला लागून उभी असेल तर आत कोणी बसायचं नाही. मागून धडक बसली तर आतली माणसंच सापडतात. कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे, नाहीतर गाडीच्या बऱ्याच पुढे, डोंगराच्या बाजूला. दरड सैल दिसत असेल तिथे मात्र नको. सासूबाईंसाठी घडीचं स्टूल आणि दोन मोठे रेनकोट डिकीत ठेवा, छत्री वाऱ्यात टिकत नाही. गाडी पूर्ण रस्त्याबाहेर, मोकळ्या सपाट जागेत असेल तर त्यांना आत बसू द्या, पण जॅक लावलेला असताना नाही.

चारही इंडिकेटर चालू. लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, म्हणजे गाडी दिसण्याआधी त्रिकोण दिसेल. रस्त्यावर फांदी टाकायची आपल्याकडची पद्धत ट्रकवाल्यांना लगेच कळते.

गाडी रस्त्याबाहेर असून मी आत असेन आणि कोणी थांबलं, तर मी काच थोडी खाली करून, दारं लॉक ठेवून बोलते. "घरच्यांना फोन लागलाय, ते निघालेत" हे पहिलं वाक्य. त्या रस्त्याला एस.टी. बस चालू असतात, बस दिसली की हात करा. चालक-वाहक दोघे असतात, प्रवासी असतात, आणि पुढच्या स्टँडवर निरोप पोचतो. आपल्या कंपनीची रेंज नसेल तरी 112 लावून बघायचं, तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जातो. शिवाय घाटात शिरण्याआधी कोयनानगरला थांबून "आता निघालो, दीड तासात चिपळूणहून फोन नाही आला तर चौकशी करा" असा निरोप एका ठरलेल्या माणसाला द्या.

सासऱ्यांचं इन्सुलिन डॅशबोर्डवर किंवा डिकीत नको, उन्हात खराब होतं. थंड पाऊचमध्ये, तुमच्या पर्समध्ये. साखर किंवा ग्लुकोजची पुडी त्यांच्या स्वतःच्या खिशात. अडकून पडल्यावर जेवणाची वेळ टळली तर साखर एकदम उतरते, गाडीपेक्षा ते आधी बघा.

आगारातला माणूस :

नर्सताईंनी बसचं लिहिलं ते अगदी खरं. आमचे लोक थांबतात.

ताई, निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी इंजिन थंड असताना बघा : डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) इंजिनाचं तेल, कूलंटची पातळी, पाचही चाकांची हवा (आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी लिहिलेला असतो), वायपर, मागचे ब्रेकलाइट आणि गाडीखाली ठिबकलेलं काही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर साफ करून घ्या. बॅटरी बदलून किती वर्षं झाली तेही बघा, चार वर्षं उलटली असतील तर दुकानात व्होल्टेज मोजून घ्या. रात्रभर उभ्या गाडीचं 12.6 च्या आसपास यायला हवं, इंजिन चालू असताना 14 च्या जवळ. हे दोन आकडे आणि स्टेपनीवरचे चार आकडे इथे लिहा, मग यंदाच्या पावसाळ्याआधी काय बदलायचं ते सांगतो.