मदत हवी आहे: सिगरेट सुटते, पण तिसऱ्या दिवशी परत हातात येते

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

१६ वर्षं ओढतोय, दिवसाला १२-१५. चार वेळा सोडून झाली, पद्धत एकच, रात्री पाकीट चुरगाळून कचऱ्यात आणि सकाळपासून बंद. पहिला दिवस जोशात जातो, दुसरा चिडचिडीत, आणि तिसऱ्या दिवशी डोकं असं फिरतं की गेल्या वेळी मुलीने चपला नीट ठेवल्या नाहीत म्हणून तिच्यावर एवढा ओरडलो की शेवटी बायकोच म्हणाली, अरे ओढ एक, पण आम्हाला सोड. हसूही आलं आणि लाजही वाटली.

कृपया धोके सांगू नका, पाठ आहेत. पाकिटावरचं ते भयानक चित्र रोज बघतो, आता तर ते दिसतही नाही. कॅनडाने २००१ मध्ये चित्रं आणली, ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये पाकिटावरचे रंग आणि लोगोच काढून टाकले, कर वाढतात, ऑफिसात बंदी, आणि नवीन पोरं लागू नयेत म्हणून हे सगळं हवंच, माझी तक्रार नाही. पण लागलेल्याने तिसऱ्या दिवशी रात्री ११ वाजता काय करायचं? जागतिक तंबाखू नियंत्रण करार २००५ पासून लागू आहे, त्यात कलम १४ खास सोडायला मदत करण्याबद्दल आहे म्हणे. ती मदत म्हणजे पाकिटावरचा हेल्पलाइन नंबरच का? तिथे फोन केला तर लेक्चर देतात का? आणि निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) बरा की निकोटिनची गम?

रातकिडा: लेक्चर नाही देत. मला पहिलाच प्रश्न आला, उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटवता? मी म्हटलं पाच. त्यावरून व्यसन किती घट्ट आहे ते कळतं, अर्ध्या तासाच्या आत पेटवत असाल तर गम बहुतेक ४ मिलिग्रॅमची सांगतात, नाहीतर २ ची. मग सोडायची तारीख ठरवली आणि त्यानंतर फोन त्यांनीच केले. तुझा तिसरा दिवस म्हणशील तर तलफ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते, पुढे दोन ते चार आठवड्यांत उतरत जाते. म्हणजे तू दर वेळी बरोबर घाटमाथ्यावरून परत फिरतोयस.

स्पष्टवक्ता: इच्छाशक्ती लागते, बाकी सगळी नाटकं.

कडूगोळी: @स्पष्टवक्ता, नुसत्या इच्छाशक्तीवर सोडणाऱ्या १०० जणांत वर्षभर टिकतात ३ ते ५. तुम्ही त्यातले असाल तर नमस्कार, पण बाकीच्या ९५ जणांचं काय?
धागाकर्ते, पॅच की गम असं नाही, दोन्ही मिळून जास्त चालतं. पॅच दिवसभर संथ निकोटिन देतो, गम अचानक आलेल्या तलफेसाठी. फक्त ती साध्या च्युइंगमसारखी चावत बसू नका, मी तेच केलं आणि उचक्या लागल्या, वर म्हटलं गम बोगस आहे! दोन-चार वेळा चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, चव गेली की परत. आधी १५ मिनिटं चहा-कॉफी नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयाचा त्रास किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन अशा गोळ्याही आहेत, पण त्या चिठ्ठीशिवाय नाहीच.

धागाकर्ता: चहा बंद?? मग जगायचं कशावर, सोडताना मी दिवसाला सहा कप पितो.

रातकिडा: सहा?! अरे धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवतं, सिगरेट थांबली की तोच चहा जास्त चढतो. झोप उडणं, हात थरथरणं, यातलं निम्मं चहाचंच असेल. तीन कर.

धागाकर्ता: अपडेट. फोन केला. तोच प्रश्न आला आणि मी चक्क खोटं बोललो, म्हटलं एक तासाने. ठेवल्यावर कसंतरीच वाटलं, परत लावला आणि खरं सांगितलं, दात घासायच्या आधी. पलीकडच्या बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, आणि पुढचा प्रश्न विचारला, बस एवढंच. शुक्रवार ठरलाय. डॉक्टरांना विचारून पॅच आणि ४ ची गम आणलीय, चहा तीनवर. मुलीने कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात डरकाळी फोडणारा वाघ काढून ठेवलाय.