लोअर परळ-वरळीत बसायचं कुठे? आपापले अनुभव सांगा

कमला मिल, तोडी मिल, रघुवंशी मिल. एकेका गिरणीच्या आवारात आता बारच बार, आणि वरळीकडे सरकलं की हॉटेलांच्या गच्च्या. बाहेरून सगळे सारखेच चमकतात. तुम्ही कुठला निवडता आणि कशावरून? नुसतं "भारी आहे, जाच" नको. काय पाहिलंत, परत का गेलात, ते लिहा. सुरुवात मी करते.

मी गच्ची आणि कॉकटेल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. गच्चीवर जायचं ते उजेड असताना. वरळीच्या फोर सीझन्सच्या चौतिसाव्या मजल्यावरच्या 'एर'मधून सी लिंक आणि महालक्ष्मीचं रेसकोर्स दिसतं, पण ते अंधार पडायच्या आत पोचलात तर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. त्याच्या अर्धा तास आधी टेबल घ्यायचं. वर वारा आणि उकाडा असतो, बर्फ भराभर वितळतो, म्हणून तिथे साधं जिन-टॉनिक. नजाकतीचं पेय प्यायचं असेल तर खाली उतरून, चार भिंतींच्या आत. आणि फोन करून एकच प्रश्न: डीजे किती वाजता सुरू होतो? मला मैत्रिणीशी बोलायचं असतं, त्यामुळे या उत्तरावर माझी निम्मी निवड होते.

बारमागे काम केलेला, मूळचा कराडचा

मी गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हा आधी काउंटरवर बसतो. तिथून सगळं दिसतं. लिंबू समोर पिळतात की बाटलीतला रस ओततात? माप जिगरने, म्हणजे मोजायच्या छोट्या पेल्याने, घेतात की अंदाजाने? बर्फ मोठा, काचेसारखा आहे की पोकळ तुकडे? पोकळ बर्फ दोन मिनिटांत पाणी सोडतो आणि हजार रुपयांचं पेय सरबत होऊन जातं.

पहिली ऑर्डर डायकिरीची द्या. रम, लिंबू, साखर, बस्स. त्यात लपवायला जागा नाही. ती जमली तर त्या माणसाच्या हातात काहीही द्या. निग्रोनीही चालेल: जिन, कंपारी (कडसर लाल मद्य), गोड व्हर्मुथ (मसाल्यांची वाइन), तिन्ही समान भाग. ज्याला तेवढं नीट ढवळता येत नाही, त्याच्याकडून धूर सोडणारे, फुलं लावलेले ग्लास घेऊ नयेत.

आणखी एक. गोव्यात बनणाऱ्या 'ग्रेटर दॅन', 'स्ट्रेंजर अँड सन्स' या जिन आल्यापासून चांगल्या कॉकटेलसाठी परदेशी बाटलीच हवी असं राहिलेलं नाही. आयातीच्या बाटलीत करच जास्त भरता. मेनूत कोकम, बंगालचं सुवासिक गोंधोराज लिंबू, फेणी दिसली की मी खूश होतो, पण विचारतोही: कोकम आगळ वापरता की तयार सिरप? ज्याने मनापासून काम केलंय तो बारटेंडर या प्रश्नावर खुलतो. त्याला आवडनिवड सांगा, गोड नको, आंबट चालेल, इतकंच. तो काय पुढे ठेवतो ते बघा.

अग्निसुरक्षेच्या कामातला

वरच्या दोघांनी चवीचं लिहिलं. मला त्याआधीचं लिहायचंय. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि 14 माणसं गेली. त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात आसऱ्याला गेली आणि धुराने गुदमरली. वर बांबू-ताडपत्रीचं छप्पर होतं. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट गेलं, आणि 2018 मध्ये राज्यात हुक्का पार्लरवर बंदीचा कायदा आला.

तेव्हापासून मी कुठल्याही गच्चीवर बसण्याआधी दुसरा जिना शोधतो. लिफ्ट त्यात धरत नाही. जिन्याचा दरवाजा ढकलून बघतो. कुलूप असेल, किंवा जिन्यात बिअरचे क्रेट आणि जादा खुर्च्या रचलेल्या असतील, तर मंडळींना घेऊन खाली येतो. छपराला कापडी झालरी, प्लास्टिकची फुलं, सुकलेलं गवत लटकवलंय आणि खाली मेणबत्त्या, अशा जागी मी बसत नाही. वेटरला विचारा, आग लागली तर कुठून जायचं? त्याने विचार न करता हात दाखवला, तर तिथे शिकवलेलं आहे. ही दोन मिनिटं प्रत्येकाने द्यावीत अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या रात्री गेलेल्यांपैकी काही जण वाढदिवस साजरा करायला आले होते.

हिशेबातला माणूस

बिल वाचा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूमसाठी तो 2023 च्या नोव्हेंबरात 5 वरून 10 टक्के झाला. जेवणावर जीएसटी वेगळा. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. तशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये दिल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. मी ते काढायला सांगतो आणि वेटरच्या हातात रोख ठेवतो. कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेशाचे पैसे, खाण्यापिण्यात वळता होतो का, हे दारातच विचारायचं.

वय 23

आमच्या वयाच्यांसाठी: महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21, कडक दारूला 25. मोजिटोत रम असते, म्हणजे तीही 25 नंतर. आम्ही बिअर चांगली मिळते तिथेच जातो.

डोंबिवलीची

आम्ही मुली-मुली जातो, तेव्हा निवड परतीच्या वाटेवरून होते. बारपासून करी रोड स्टेशनपर्यंत उजेडातून चालत जाता येतं का? शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर फार थांबत नाही आणि अ‍ॅक्वा लाइन मेट्रो साडेदहाच्या सुमारास आटोपते. गल्लीच्या आत खोल असलेल्या बारसमोर टॅक्सी येतच नाही, मुख्य रस्त्यापर्यंत चालावं लागतं. स्वच्छतागृह कुठे आहे, दाराशी बाई सुरक्षारक्षक आहे का, तेही बघतो. एका ठिकाणी बाउन्सरने आपणहून गाडी येईपर्यंत दारात उभं राहून सोबत केली. त्या जागेला आम्ही सोडलेलं नाही. गाडी कोणीच आणत नाही. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, किंवा तुरुंग.

न पिणारा

मॉकटेलच्या पानावर फक्त ब्लू लगून आणि फ्रूट पंच असेल तर त्या बारला माझी गरज नाही. कोकम, नन्नारी (दक्षिणेकडचं मुळांचं सरबत), ताक यांच्यावर मेहनत घेतलेली दिसली, तर मी सगळ्या गटाला तिथे नेतो.

डिलाईल रोडचा, गिरणी कामगाराचा मुलगा

वडील 1982 च्या संपात होते. त्यांना घेऊन पहिल्यांदा या आवारात जेवायला जायचं ठरलं, तेव्हा मी जागा शोधली ती पाठ टेकता येईल अशा खुर्च्यांची, मेनूकार्ड वाचता येईल इतक्या उजेडाची. उंच स्टुलांचे बार आपोआप बाद झाले. 'बॉम्बे कँटीन'मध्ये दुपारी गेलो. दुपारी आवाज नसतो, वेटरला वेळ असतो. वडिलांनी त्याला गिरणीतली साचेखातं, वाइंडिंग ही खाती कुठे असायची ते समजावलं आणि तो ऐकत उभा राहिला. घरच्या मोठ्यांना नेणाऱ्यांनी रात्र नको, दुपार धरा.

मालाडचा

पावसाचं कुणी लिहिलं नाही. जून ते सप्टेंबर निम्म्या गच्च्या बंद, उरलेल्यांवर पत्रे. पत्र्याखाली बसायला गच्चीचे पैसे देऊ नका, त्या महिन्यांत आतले कॉकटेल बार करा. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, 2 ऑक्टोबर ड्राय डे, मतदानाआधीचे 48 तासही. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी टेबल राखताना तारीख आधी तपासा.