अनुभव धागा : शाळकरी पोरं, खर्रा आणि त्यापुढचं

धागाकर्ती, त्रिमूर्तीनगर
मुलाच्या शाळेत नशेवर पालकसभा झाली. एमडी (मेफेड्रोन), गांजा, चरस, सगळ्यांचे फोटो दाखवले. खर्ऱ्याचं, म्हणजे आपल्या घोटलेल्या सुपारी-तंबाखू-चुन्याचं, नावही निघालं नाही, आणि सभा सुटल्यावर निम्मे बाबालोक पानठेल्यावर! नागपुरात नशेची गोष्ट एमडीपासून कशी सुरू होईल? आठवी ते बारावीच्या मुलांना यापासून लांब ठेवायला तुम्ही काय केलं ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा. मुलांची, शाळांची नावं टाळा.

दातांची डॉक्टर
पंधरा-सोळाची पोरं माझ्याकडे 'भाजी तिखट लागते' म्हणून येतात. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत. सुपारीनं गालाची आतली त्वचा ताठ होत जाते, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. 'तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो' असं आया सांगतात. नुसती सुपारीही कॅन्सर करते. मी भाषण देत नाही, आरसा देते. एका शाळेत तपासणीला गेले तेव्हा विचारलं, पाणीपुरी अख्खी तोंडात जाते का? वर्ग हसला. मागच्या बाकावरचे दोघं हसले नाहीत. तपासणीनंतर तेच आधी भेटायला आले.

गणिताचा मास्तर
कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही. म्हणजे साधारण ९१ मीटर, तेही कुंपणापासून मोजायचं. नववीच्या पोरांना टेप दिला. वर्तुळाच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण कुठलं? दोन ठेले आत निघाले. नकाशा मुख्याध्यापकांच्या सहीनं पोलिस ठाण्यात गेला. ठेले हलले, पण खर्रा मिळायचा थांबला असं म्हणणार नाही. एक ठेला वळणापलीकडे लागलाच. तरी ज्यांनी टेप धरला ती पोरं तिथे उभी राहताना दिसत नाहीत. बाकी बाल न्याय कायद्याचं कलम ७७ ठेलेवाल्यांना ठाऊकच नसतं : मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिला तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.

मानेवाड्याची आई
आमच्याकडे खर्रा ह्यांचाच. रोज संध्याकाळी पोराच्या हातात पैसे, 'जा बे, एक घोटून आण.' ठेलेवाला पोराला नावानं हाक मारायचा. मी म्हटलं, तुम्ही खा का सोडा, आणायला तो जाणार नाही. घरात अबोला झाला. मग सासूबाईच म्हणाल्या, 'मी तंबाखूचा गुडाखू घासते दातांना, तो आधी फेकते, मंग बोलू.' ह्यांचा खर्रा सुटला नाही अजून, कमी झाला. पण स्वतः जाऊन आणतात आणि पोरासमोर पन्नी काढत नाहीत.

अकरावीतला
काका-काकूंनो, 'नाही म्हण' एवढं सांगून भागत नाही. फुटाळा तलावावर पाच जण बसलेले असताना नाही कसं म्हणायचं, ते कोणी शिकवत नाही. मला ताईनं शिकवलं : कारण एकच, छोटं, आणि लगेच विषय बदल. 'घरी तोंड हुंगतात बे, चल तर्री पोहे खाऊ.' दोनदा म्हटलं की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. आणि बाबांशी करार आहे : कुठूनही, कितीही वाजता फोन केला तर घ्यायला येतील, प्रश्न दुसऱ्या दिवशी.

स्टेशनरीवाला, महाल
पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर मी शाळेच्या पोरांना एकट्यानं देत नाही. नशेसाठी ते हुंगलं तर पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं, हे कितीक पालकांना माहीतच नाही.

एक बाप
एवढं कशाला? रोज दप्तर तपासा, विषय संपला.

समुपदेशक
दादा, दप्तर तपासलं की माल मित्राच्या दप्तरात जातो. त्यापेक्षा झोप, पैसे आणि जुने मित्र, ह्यांत अचानक काय बदललं ते बघा. मात्र असा प्रत्येक बदल म्हणजे नशा नसते. कधी मार्क असतात, कधी प्रेम. संशय आला तर आधी १४४४६ वर स्वतः बोला, ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन. मन खचलेलं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

धागाकर्ती
आणि पोरानं विकणाऱ्याचं नाव सांगितलं तर?

समुपदेशक
१०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर सांगा, चोवीस तास चालू असते. पोराला घेऊन त्या ठेल्यावर भांडायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं त्याला एकट्याला शाळेत जायचं असतं.