क्वारंटाइनमध्ये माणूस नेमका कशाने खचतो?

प्रश्न: केरळात निपा या जीवघेण्या विषाणूच्या रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना २१ दिवस वेगळं ठेवतात. मुदत संपली तरी काहींची झोप, चिडचिड सुधारत नाही. त्यांना रोज फोन करून चौकशी करणाऱ्यांनी काय विचारावं?

उत्तर १: कॅनडातल्या टोरांटोत २००३च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर क्वारंटाइन झालेल्या १२९ जणांची पाहणी झाली. सुमारे २९ टक्क्यांत आघातोत्तर तणावाची (धक्क्यानंतर मनावर राहणारा ताण, पीटीएसडी), ३१ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं. लोकांनी आपणहून भरलेला ऑनलाइन फॉर्म होता, त्यामुळे आकडे जपूनच वापरा.

उत्तर २: मुदत मध्येच वाढवली की माणूस कोसळतो. शेवटच्या संपर्कापासून मोजून सुटकेची तारीख पहिल्याच दिवशी लेखी द्या. "बरे आहात ना?" विचारलं की "हो" एवढंच मिळतं. त्यापेक्षा विचारा: काल किती तास झोपलात? गोळ्या, किराणा किती दिवस पुरेल? मजुरी बुडतेय का? शेजारी बोलतात का?

उत्तर ३: ताप दिवसातून दोनदाच मोजायला सांगा, तासातासाला थर्मामीटर लावला की धास्ती वाढते. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थांबू नका, त्याच फोनवर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) जोडून द्या.

उत्तर २ (पुन्हा): मुदत संपल्यावर आठवड्याने एक फोन कराच. कामावर परत घेतलं नाही, दुकानदार टाळतो, हे तेव्हाच कळतं.