आयव्हीएफ चालू असताना मसाज, रिफ्लेक्सॉलॉजी चालतं का?

वाट_बघतेय: इंजेक्शनचा आज सहावा दिवस, पोट टम्म फुगलंय, झोप उडालीये. मैत्रीण म्हणते पायाची रिफ्लेक्सॉलॉजी (तळपायाचे ठराविक बिंदू दाबतात ती) कर, गर्भ राहायला मदत होते. खरंच काही होतं का की नुसतेच पैसे जातात?

दोनदा_आयव्हीएफ: पाय, खांदे, डोकं चोळून घे बिनधास्त, पण पोटाला अजिबात हात लावू द्यायचा नाही. आत्ता फॉलिकल्समुळे, म्हणजे बीजांच्या वाढत्या पिशव्यांमुळे, ओव्हरी (अंडाशय) फुगलेल्या असतात, दाबलं किंवा पीळ बसला तर ओव्हरी फिरू शकते आणि मग थेट ऑपरेशनच. मी नुसते तळपाय चोळून घ्यायचे, त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा कुणी सुई न टोचता हात लावतंय असं वाटायचं, आणि त्या रात्री झोप लागायची. बास, एवढंच. पहिली सायकल तरी फेलच गेली.

आकडेवाली: गर्भ राहतो म्हणून कुणी पॅकेज विकत असेल तर सरळ उठून ये. अॅक्युपंक्चरवर (सुया टोचून करतात तो उपचार) ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर मोठी ट्रायल झाली होती, २०१८ साली छापून आली, खऱ्या सुया आणि खोट्या सुया, बाळ होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, १८ टक्क्यांच्या आसपास. टेन्शन कमी व्हायला म्हणून करायचं तर कर. ट्रान्सफरनंतरही (गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) पोट, कंबर जोरात चोळायची नाही, आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर मसाजवाल्या ताईंना आधीच सांग, लगेच काळंनिळं पडतं.

वाट_बघतेय: बरं झालं विचारलं गं, तिने पोटाचाच मसाज बुक केला होता 🙈 आत्ताच कॅन्सल केला.