मदत हवी आहे: प्रार्थना करून नुसतं परत यायचं नाही

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक आजी पडून आहेत, घरी एकट्याच. दर रविवारी उपासनेनंतर आम्ही चौघीपाचजणी जातो, गीत म्हणतो, प्रार्थना करून निघतो. परवा पाणी आणायला आत गेले तर मोरीत दोन दिवसांची भांडी, आणि बीपीच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं. लाजच वाटली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (2:15-16) हेच तर आहे, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून काय उपयोग!

आता डबा आणि औषधांच्या पाळ्या लावायच्या आहेत. पण आजी मानी, आयुष्यभर मास्तरीण होत्या, डबा सरळ परत पाठवतील. त्यांना उपकार वाटू नये असं कसं करावं? कुणी केलंय का असं?